मखमलीखालच्या चुका

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, भर दुपारी मी एका दुकानासमोर उकिडवी बसले होते आणि समोर एक खुर्ची चारही पाय वर करून पडली होती. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हाताने बैठकीखालचं फाटकं गोणपाट बाजूला सारत मी आत डोकावत होते. दुकानदाराने दोन मिनिटं धीर धरला. मग म्हणाला, "मॅडम, बैठने की चीज है. पेट में क्या ढूँढ रही हो?"

त्याचं बरोबर होतं. पण बसण्याआधी पोटात बघायचं, हे मी आठ हजार रुपये मोजून शिकले होते. तो धडा कसा मिळाला ते सांगतेच. आधी मला खुर्ची का हवी होती ते सांगायला हवं, कारण आमच्या घरात बसायला जागा नव्हती असं मुळीच नाही.

आमच्या ठाण्याच्या घरात एल आकाराचा, करड्या रंगाचा, हल्ली सगळ्यांकडे असतो तसा सोफा आहे. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा त्या सोफ्याचं पितळ उघडं पडलं. त्याची बैठक चोवीस इंच खोल. आई जेमतेम पाच फूट. तिने पाठ टेकली की पाय तरंगायचे, पाय टेकले की पाठ अधांतरी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "अगं, हा सोफा आहे का हौद?" दुसऱ्या दिवसापासून ती खाली फरशीवर बसायला लागली, सोफ्याला पाठ लावून. म्हणजे हप्त्याने घेतलेल्या सोफ्याचा तिने लोड केला. आम्ही दोघं कामावरून आलो की पंधरा मिनिटांत तिच्या शेजारी खालीच असायचो, हेही कबूल करते.

पण आईला खालून उठताना चक्कर यायला लागली. गुडघे ठणठणीत आहेत, तक्रार रक्तदाबाची. डॉक्टरांनी सांगितलं, आजी, जमिनीवर बसणं बंद. खुर्चीत बसा. आईने डायनिंग टेबलाची खुर्ची ओढली, तिच्यावर बसली आणि पाचव्या मिनिटाला चप्पल काढून डावा पाय वर घेतला. खुर्चीच्या हातात गुडघा अडकला. "हे हात कशाला लागतात माणसाला?" हा तिचा प्रश्न.

तेव्हापासून मी लोकांच्या घरी गेले की बघत असते. आपल्याकडे लग्नाघरी, बारशाला, सत्यनारायणाला सोफ्यावर बसलेली माणसं बघा. पाहुणेपणाची पहिली दहा मिनिटं सरली, चहा आला, की एकेकाचा पाय वर येतो. कुणी अर्धी मांडी, कुणी पूर्ण. फर्निचर आपण विकत आणलं, पण बसणं आपलं आपल्याकडेच राहिलं. दुकानातला एकही सोफा हे धरून बनवलेला नसतो.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत गेलं. सतरंजी, चार पाट, एक चौरंग, आणि दाराआड घडी करून ठेवलेली लोखंडी खुर्ची. डॉक्टर आले किंवा शाळेतल्या बाई आल्या की ती उघडायची, त्यावर टर्किश टॉवेल घालायचा. आणि आजोबांची कापडी आरामखुर्ची. तिचं जाडं पट्ट्यापट्ट्यांचं कापड दर दोन वर्षांनी बदलायचं, पण त्यावर बसायचं मात्र कुणी नाही. आजी तर कधीच नाही. सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायचं नाही ही रीत तिने सासरे गेल्यावर तीस वर्षं पाळली. ती दाराच्या चौकटीला टेकून बसायची आणि तिथून सगळं घर चालवायची. खुर्ची हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, मखमलही त्याच वाटेने. पाट मात्र घरचा. पण सत्ता म्हटली की आपण 'खुर्ची मिळाली' म्हणतो, 'पाट मिळाला' असं कुणाच्या तोंडी येत नाही.

मखमलीशी तर माझं जुनं वैर. लहानपणी ती दोनच ठिकाणी भेटायची. एक, दागिन्यांच्या डबीच्या आत, जिथे तिला हात लावला की ओरडा बसायचा. दोन, लग्नाच्या रिसेप्शनला. स्टेजवर त्या दोन राजाराणीच्या खुर्च्या असतात ना, लाल मखमल, सोनेरी रंग, पाठीवर मोर किंवा सिंह, त्या. मांडववाल्याच्या टेंपोतून उतरलेल्या, कोपरे घासून काळे पडलेले. माझ्या लग्नात मी तीन तास तसल्या खुर्चीवर घामाघूम बसले होते. त्यामुळे 'घरात मखमलीची खुर्ची' असं कुणी म्हटलं की मला व्हिडिओवाल्याचा दिवाच डोळ्यांसमोर यायचा.

हे वैर मिटायला एक जुनी खुर्ची कारण झाली, आणि ती खुर्ची सापडायच्या आधी एक खोटी खुर्ची घरी येऊन गेली.

ती एका जुन्या फर्निचरच्या दुकानातून आणली. गोल पाठ, कोरीव पाय, गुलाबी मखमल. "सौ साल पुराना पीस, पारसी बंगले का माल." (मुंबईतला प्रत्येक जुना माल पारशी बंगल्यातलाच असतो. विक्रेते सांगतात तेवढे बंगले पारशांनी खरंच बांधले असते तर शहरात रस्त्याला जागा उरली नसती.) मी भुलले. घरी आणल्यावर तीन आठवड्यांनी केर काढताना मागच्या पायाशी पिठाची चिमूटभर रास दिसली. पुसली. दुसऱ्या दिवशी परत. नाचणीच्या पिठापेक्षा बारीक, फिकट पिवळसर. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, आणि त्यांच्या आत भुंग्याच्या अळ्या जेवायला बसलेल्या. मग मी ती खुर्ची पहिल्यांदा उलटी केली. खाली प्लायवुड, त्यावर फोम, आणि कापड स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं. स्क्रूंच्या डोक्यावर फुली. फुलीचे स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात आले. शंभर वर्षांच्या खुर्चीत एखादा असता तर दुरुस्तीचा म्हणून सोडला असता, इथे बाराच्या बारा तेच होते. पॉलिशचा गडद रंग खालच्या फिकट, कोवळ्या लाकडावर चढवलेला. खुर्ची बहुधा माझ्याहून लहान होती.

कायद्याने पुरावस्तू कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे. १९७२चा कायदा आहे, १९७६पासून लागू झाला. वस्तूला किमान शंभर वर्षं झालेली हवीत, आणि अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. बाजारातला 'अँटिक' मात्र धूळ बसली की सुरू होतो.

त्यानंतर मी शिकायला लागले. सुतारांना विचारत, दुकानदारांची बोलणी खात. शिकले ते साधंच आहे. खुर्ची उचलून बघायची. शिसव उचलताना खांद्याला कळतं, साग त्याहून हलका पण हाताला जरा तेलकट लागतो, आणि रंगवलेलं हलकं लाकूड उचललं की फसल्यासारखं वाटतं. मागच्या पायांना धरून खुर्ची तिरकी हलवायची. सांधे कुरकुरले तर हरकत नाही, जुना सरस सुटतो, तो पुन्हा लावता येतो. पण सांध्यात खिळा मारलेला असेल तर कुणीतरी घाई केलेली आहे आणि लाकूड आतून चिरलेलं असणार. हाताने बनवलेल्या जुन्या स्क्रूची खाच बरोबर मध्यावर नसते, जरा कलंडलेली असते. खुर्ची वर्तमानपत्रावर ठेवून थोपटायची, पांढरं पीठ पडलं तर नमस्कार करून निघायचं. जुनी, रिकामी भोकं चालतात, ते भुंगे केव्हाच गेलेले. आणि वास घ्यायचा. डांबरगोळ्यांचा वास पंधरा दिवसांत जातो. ओलीचा कुबट वास काथ्यात आणि केसांत मुरलेला असतो, तो सगळं पोट उपसल्याशिवाय जात नाही.

हे सगळं झालं की बसायचं. एक मिनिट नाही, दहा मिनिटं. माझी स्वतःची परीक्षा म्हणजे चप्पल काढून पाय वर घेऊन बसायचं. दुकानदार काहीही म्हणोत.

या परीक्षेत भलेभले नापास झाले. इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची माझी पहिली पसंती होती. कयानीत किंवा ब्रिटानियात बसलेल्या प्रत्येकाची कधी ना कधी ती असते. तिचा मूळ पुरुष व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटची १८५९ची १४ नंबरची खुर्ची: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. वाफेवर वाकवलेलं बीचचं लाकूड, सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या. म्हणूनच ती बोटींतून जगभर गेली. काय देखणी वस्तू आहे! पण ती बनमस्का खाऊन उठण्यासाठी आहे. तिच्या गोल बैठकीवर मांडी बसत नाही, आणि हॉटेलमालकाला तरी ती कशाला बसायला हवी होती?

मग डाकबंगल्यातली लांब हातांची आरामखुर्ची. वेताची जाळी, हात पुढे उलगडून त्यावर दोन्ही पाय टाकायचे. इंग्रजांनी तिला मुंबईच्या नावासकट एक वाह्यात नाव ठेवलं होतं, ते आईसमोर उच्चारता येत नाही म्हणून इथेही लिहीत नाही. तिच्यात साहेबाने बूट काढून घेण्यासाठी पाय पुढे करायचे. बूट काढणारा वेगळा. आमच्याकडे तो नाही.

मुंबईच्या कोरीव शिसवी खुर्च्यांचा एकोणिसाव्या शतकात मोठा बोलबाला होता, १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही त्या मांडल्या होत्या. पाठभर वेलबुट्टी, पानं, पक्षी, एक तसू मोकळं सोडलेलं नाही. मला त्या लांबून आवडतात. टेकलं की पोपटाची चोच पाठीत रुतते, आणि दर रविवारी दात घासायच्या ब्रशने त्यांची धूळ काढायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल.

गोव्यात चांदोरच्या ब्रागांझा घरात गेले होते तेव्हा मी दिवाणखान्यात फक्त खुर्च्याच बघत फिरले. पोर्तुगालच्या दों लुईश राजाने दिलेल्या, कुळाचं चिन्ह असलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या तिथे आहेत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं असलं कोरीव काम करणारे हात पुष्कळदा हिंदू चारी सुतारांचे, हे मला तिथल्या कुठल्याही झुंबरापेक्षा मोलाचं वाटलं. नमुना युरोपातला, लाकूड इथलं, आणि पानांच्या वळणात कुठेतरी देवळाच्या खांबाची सवय. पण बसू न दिलेली खुर्ची ती शेवटी तसबीरच. मी लांबूनच निरोप घेतला.

आणि मग मटन स्ट्रीटवरची ती उताणी खुर्ची.

वरून ती काहीच नव्हती. चॉकलेटी रेक्झिन, मध्ये चिरलेलं, चिरेवर काळी चिकटपट्टी. बुटकी. हात नाहीत. बैठक पुढे रुंद होत गेलेली, पाठ मागे किंचित झुकलेली. पुढचे पाय चरकावर कातलेले आणि त्यांना खाली चिनी मातीची इवलीशी पांढरी चाकं. कचऱ्यात कुणीतरी आईचा मोत्याचा खडा टाकावा तशी ती चाकं दिसली. पोटात नवार होती, तागाची, विणल्यासारखी आडवीउभी ताणलेली. तिच्यावर पाच स्प्रिंगा, सुतळीने एकमेकींना आठही दिशांनी बांधलेल्या. सांध्यांत एकही खिळा नाही. लाकूड शिसव.

ही 'बायकी' खुर्ची. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडात दिवाणखान्यासाठी खुर्च्यांचा जोड करायचे. पुरुषाची खुर्ची उंच, रुंद, हात असलेली. बाईची बुटकी आणि बिनहाताची, फार तर बैठकीच्या मागच्या बाजूला हाताची नुसती आठवण. कारण १८५०-६०च्या सुमाराला त्या बायकांच्या झग्याखाली पोलादी कड्यांचे पिंजरे असायचे, घेर मावायला जागा हवी. हातांत तो घेर अडकायचा. तेच नमुने इकडे आले आणि इथल्या सुतारांनी शिसवात उतरवले. म्हणजे कुणा मडमेच्या झग्यासाठी काढलेली ही जागा. मी चप्पल काढली, बसले, आणि दोन्ही पाय वर घेतले. मांडी बसली. पूर्ण, ऐसपैस, दोन्हीकडे बोटभर शिल्लक ठेवून. आईचा प्रश्न आठवला, "हे हात कशाला लागतात माणसाला?" दीडशे वर्षांपूर्वी कुणालातरी तोच प्रश्न पडला होता, निराळ्या कारणाने.

टेपने मोजली. बैठकीची उंची चौदा इंच. हल्लीची खुर्ची सतरा-अठरा इंच असते. पण स्प्रिंगा बसलेल्या होत्या, नव्याने बांधल्या की दोन इंच वर येणार. सोळा इंच म्हणजे आईला फरशी आणि खुर्ची यांच्या मधली पायरी. घासाघीस झाली, पंधरा हजारांवरून अकरावर आली, आणि रेक्झिन बघून दुकानदाराला मीच मूर्ख वाटले असावे, हे माझं समाधान.

घरी आल्यावर आईने खुर्चीभोवती एक चक्कर मारली. "कुणाची असेल गं?" मग जरा थांबून, "गेलेल्या माणसाचीच असणार." मी म्हटलं, आई, तुझे पाटल्यांचे जोड आजीचे आहेत. "ते आपलं माणूस होतं." यावर उत्तर नव्हतं. तिने उदबत्ती लावली, खुर्चीला ओवाळली, आणि म्हणाली, "आता ने तुझ्या दवाखान्यात."

दवाखाना म्हणजे चाचांचं दुकान. चाचा मूळचे राजापूरकडचे, बोलणं अजून त्या वळणाचं, खुर्च्या-सोफे करण्यात पन्नास वर्षं गेलेली. मी शेजारी स्टुलावर बसून सगळा प्रकार बघितला. आधी रेक्झिन निघालं. रेक्झिन चढवणाऱ्यांना मी नावं ठेवायला सुरुवात केली तर चाचा म्हणाले, "ताई, तेवा रेक्झिन म्हंजे मोठी चैन होती. पुसलं की साफ." खरंच, आमच्या चाळीत ज्यांच्याकडे रेक्झिनची सेटी होती त्यांच्याकडे आम्ही काय कौतुकाने बघायचो! रेक्झिनखाली फुलाफुलांचं जाड सुती कापड निघालं, जुन्या पडद्यासारखं. त्याच्याखाली, कडेला फक्त, चुकांमध्ये अडकून राहिलेल्या मखमलीच्या चिंध्या. उजेड लागलेला भाग राखाडी. पण पट्टीच्या खाली दबलेला बोटभर तुकडा चाचांनी उचकटला तर आत गडद हिरवा. शेवाळाचा, श्रावणातल्या विहिरीच्या कठड्याचा.

चुका म्हणजे बारीक काळे खिळे. कापड ठोकायचे. चाचा तोंडात दहा-बारा धरतात आणि जिभेने एकेक पुढे करून चुंबकाच्या हातोडीच्या टोकाला देतात. माझा श्वास अडकला होता, त्यांची लय काही चुकत नव्हती. पण तो भाग शेवटचा. आधी दोन दिवस ते फक्त जुन्या काढत होते. तीन कापडांच्या तीन रांगा, शेकड्यांनी. "एकपण ठेवून चालत न्हाय. आधी सगळ्या चुका काढायच्या. वरून कितीपण भारी कापड लावा, राहिली की टोचतेच." त्या कोकणी सुरातलं ते वाक्य ऐकून मला हसू आलं, त्यांना का ते कळलं नाही. चुका निघाल्यावर चौकटीच्या पट्ट्या चाळणीसारख्या दिसायला लागल्या. नवी चूक जुन्या भोकात धरत नाही, म्हणून लाकडाचा भुसा आणि सरस कालवून ती सगळी भोकं बुजवली.

पोटातून निघालं ते असं: तळाला काथ्या, त्यावर मांजरपाट, मांजरपाटाखाली मुठी मुठीने काळे-करडे राठ केस. घोड्याच्या शेपटीचे. मला वाटलं फेकायचे. चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तांब्याची कळशी भंगारात घालते आहे. घोड्याचा केस मरत नाही, म्हणे. धुवायचा, वाळवायचा, पिंजायचा, परत भरायचा. तो धुवायचं काम माझ्याकडे आलं. बादलीत साबणाचं पाणी पाच वेळा बदललं, पहिलं कोऱ्या चहासारखं. मग गॅलरीत चादरीवर पसरला. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "कुणाचे केस गं एवढे?" घोड्याचे, म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा जपून बोलतात.

डनलॉप भरूया का, हे मी विचारून पाहिलंच होतं. आपल्याकडे कुठल्याही फोमला डनलॉपच म्हणतात. रबराच्या दुधाला फेस आणून केलेली ती गादी डनलॉप कंपनीत १९२९च्या सुमाराला निघाली आणि मग नावच पडलं. चाचा नको म्हणाले. फोम दहा-पंधरा वर्षांनी पीठ होतो. स्प्रिंगा, काथ्या, केस शंभर वर्षं टिकलेलं तुमच्यासमोर आहे, तुम्हीच धुतलंत.

आता मखमल. मनात मी वाइनचा रंग ठरवून टाकला होता. त्या हिरव्या तुकड्याने घोळ केला. तरी तीन नमुने घरी आणले आणि प्रत्येकाचा एकेक धागा गॅसवर धरला. सुताचा धागा कागदासारखा जळाला, मऊ राख. पॉलिएस्टर वितळून काळा मणी झाला. रेशमाला केस जळल्याचा वास. रेशमी मखमल किमतीमुळेच बाद. पॉलिएस्टरला लोक उगाच नाकं मुरडतात. ज्या घरात लहान मुलं आणि वरणभात एकाच वेळी असतात तिथे तीच घ्यावी, डाग पुसला जातो, पैसेही वाचतात. मी सुती घेतली, कारण ती अंगाला गार लागते आणि आमच्याकडे पंखा आहे, एसी बेडरूममध्ये.

मखमल विणायची रीत कळल्यापासून मला ती आवडायला लागली. साध्या कापडात ताणा (उभे धागे) एक, बाणा (आडवे धागे) एक. मखमलीत ताणे दोन. एक खालचं कापड धरतो, दुसरा तारांवरून उड्या मारत जातो, त्याचे फासे होतात आणि मग ते फासे कापायचे. कापलेली टोकं उभी राहतात, तीच लव. हल्ली मागावर दोन कापडं तोंडाला तोंड लावून एकदम विणतात आणि मधल्या धाग्यांतून पातं फिरवतात. एकातून दोन. म्हणजे माझ्या खुर्चीच्या कापडाची जुळी बहीण कुठेतरी असणार. एखाद्या सोफ्यावर, नाहीतर कुणाच्या रिसेप्शनच्या स्टेजवर.

लवीला दिशा असते. मांजरासारखी. एकीकडून हात फिरवला तर उजळ, उलटा फिरवला तर गडद. पाठीवर लव खाली उतरती ठेवायची, बैठकीवर मागून पुढे. एक तुकडा जरी उलटा लागला तरी एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. त्यामुळे कापड वाया जातं, आडवंतिडवं कापून चालत नाही. अडीच मीटर लागेल म्हणालेले चाचा तीनवर गेले. वाकडं तोंड करून मी आणून दिलं, हिरवं. वाइनच्या रंगाशी माझं काही भांडण झालं नाही, पण पट्टीखालचा तो बोटभर तुकडा दिसल्यावर दुसरा रंग चढवणं म्हणजे पाहुण्याला त्याचं नाव बदलून हाक मारणं झालं असतं. तो तुकडा चाचांनी फेकला नाही. मी न सांगताच पाठीच्या आतल्या मांजरपाटाला टाचून ठेवला.

मखमल जुनीच ठेवावी का, हे मला बरेच जण विचारतात. लव नुसती बसली असेल तर ठेवावी. किटलीच्या वाफेवर उलट बाजूने धरून हलक्या ब्रशने उभी करता येते. टक्कल पडलं असेल, खालचं कापड दिसत असेल, तर पाठीवर चालतं, बैठकीवर नाही, तिथे महिन्याभरात फाटतं. उन्हात ठेवू नये, हे कुणीही सांगेल. आमच्या खिडकीत मात्र जागा तेवढीच आहे, म्हणून दुपारी मी तिच्यावर आईची जुनी इरकल टाकते.

खुर्ची येऊन आता वर्ष होत आलं. सोळा इंच भरली, चाचांनी शब्द पाळला. चिनी मातीचं एक चाक तडकलं होतं, ते तसंच आहे. आई सकाळी तिच्यावर मांडी घालून पोथी वाचते, दुपारी वर्तमानपत्र पसरून मेथी निवडते. मी पहिल्यांदा किंचाळले होते, आता किंचाळत नाही. आलेगेलेले 'अय्या, अँटिक का?' विचारतात तेव्हा ती सांगते, "नाही, माझी आहे."

काल संध्याकाळी ती उठून पाणी प्यायला गेली म्हणून मी बसायला गेले, तर बैठकीवर बोटाने काहीतरी लिहिलेलं. उलट्या लवीत गडद आकडे, एकाखाली एक. ३०, त्यातून ४ वजा, पुढे दीड लिटर. दुधाचा हिशेब.

"थांब, बसू नकोस," ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अजून गुणाकार व्हायचाय."